कायमचे तात्पुरते

थायलंडमध्ये वीस वर्षे राहिलेला, तिथेच लग्न केलेला, बायकोच्या गावात घर बांधलेला निवृत्त इंग्रज गृहस्थही दर नव्वद दिवसांनी सरकारला लेखी कळवत असतो, की मी अजून त्याच पत्त्यावर राहतो आहे. या अर्जाचे नाव टीएम ४७. त्याला फी नाही, पण मुदत चुकली तर २,००० बाथ दंड. व्हिसाची वार्षिक मुदतवाढ वेगळी, तिचे १,९०० बाथ. मधेच आठवडाभर मायदेशी जाऊन यायचे तर निघण्याआधी पुनःप्रवेशाचा परवाना काढायचा. एका खेपेचे १,०००, अनेक खेपांचे ३,८०० बाथ. तो न काढता विमानात बसले की खटपटीने मिळवलेली वर्षभराची मुदतवाढ तिथल्या तिथे संपते.

बँकॉक, पट्टाया, फुकेत, हुआ हिन, चियांग माय आणि ईशान्येकडच्या इसान भागातली खेडी, जिथे जिथे गोरे परदेशी स्थायिक झाले आहेत तिथे त्यांची गाऱ्हाणी ठरलेली आहेत. दारूविक्रीच्या वेळांपासून गल्लीतल्या कुत्र्यांपर्यंत काहीही त्यात येते, आणि त्यातली बरीचशी निव्वळ किरकिर असते. ती चाळून बाजूला काढली की खाली जे उरते त्याला मात्र एकच मूळ आहे. थाई कायद्याला परदेशी माणूस पाहुणा म्हणून समजतो, रहिवासी म्हणून समजत नाही. उकाडा, डास, तुंबलेली गटारे यांची सवय होते. पाहुणेपणाची होत नाही, कारण त्याची आठवण वर्षातून निदान चार वेळा सरकारी शिक्क्यानिशी करून दिली जाते.

कागदपत्रांचेच बघा. १९७९ च्या इमिग्रेशन कायद्याचे कलम ३८ सांगते, की परदेशी माणूस ज्याच्या घरी उतरेल त्या घरमालकाने २४ तासांत तसे कळवावे. हा टीएम ३० अर्ज. कित्येक वर्षे तो मुख्यतः हॉटेलवालेच भरत. २०१९ मध्ये एकाएकी अंमलबजावणी कडक झाली आणि हाहाकार उडाला. चियांग मायचा भाडेकरू दोन दिवस समुद्रावर जाऊन परतला, की घरमालकाने पुन्हा अर्ज भरायचा. मालकाने भरला नाही तर दंड मालकाला, पण खोळंबा भाडेकरूचा, कारण त्या पावतीशिवाय मुदतवाढीचा अर्ज खिडकीतूनच परत येई. परदेशी व्यापारी मंडळांनीही नाराजी कळवली आणि २०२० मध्ये नियम सैल झाला. आपण यावर फार हसू नये. भारतातही परदेशी पाहुणा घरी मुक्कामाला आला की यजमानाने २४ तासांत तशी नोंद करायची असते. फक्त आपल्यापैकी फारच थोड्यांवर ती वेळ येते.

कचेरीत गेल्यावर कायद्याहून जास्त महत्त्व तिथल्या रिवाजाला असते. पासपोर्टच्या प्रत्येक पानाची झेरॉक्स, प्रत्येकीवर निळ्या शाईची सही. घरापर्यंतचा हाताने काढलेला नकाशा. त्याच दिवशीची नोंद असलेले पासबुक. मुदतवाढ लग्नाच्या आधारावर मागितली असेल तर नवरा-बायकोचे घरातले फोटो, आणि खात्री करायला अधिकारी दारात. एका जिल्ह्याच्या कचेरीत जो कागद चालतो तो शेजारच्या जिल्ह्यात चालत नाही. बँकॉकच्या चेंग वत्तना भागातल्या भल्यामोठ्या सरकारी संकुलात एक यादी, पट्टायाजवळच्या जोमतिएनला दुसरी. यावर उतारा म्हणून एजंट असतात. काही हजार बाथ मोजले की रांग नाही, नकाशा नाही, आणि खात्यात पुरेशी रक्कम नसेल तर तीही काही दिवसांपुरती 'उभी' करून मिळते, हे सगळ्यांनाच ठाऊक आहे. खरी चीड इथे येते. नियमाने वागणारा दिवसभर ताटकळतो आणि नियम वाकवणारा घरी बसून शिक्का मिळवतो. नव्वद दिवसांची नोंद हा प्रकार माझ्या मते निरर्थक आहे. ज्याला लपायचे आहे तो काही अर्ज भरून पत्ता कळवत नाही.

पैशाचा भाग यापेक्षा गंभीर आहे. पन्नाशी ओलांडलेल्या परदेशी माणसाला निवृत्त म्हणून राहायचे तर थाई बँकेत ८ लाख बाथची ठेव किंवा महिना ६५,००० बाथ उत्पन्न दाखवावे लागते. थाई पत्नी असेल तर ४ लाख किंवा ४०,०००. उत्पन्नाचा दाखला पूर्वी आपापली वकिलात देई. माणूस आकडा सांगे, वकिलात तो कागदावर उतरवून देई. आकडे पडताळून द्या, अशी अपेक्षा थाई बाजूने पुढे आल्यावर ब्रिटन, अमेरिका आणि ऑस्ट्रेलियाच्या वकिलातींनी २०१८ संपता संपता दाखले देणेच बंद केले. पाठोपाठ २०१९ मध्ये ठेवीचा नियम आवळला. मुदतवाढीआधी दोन महिने आणि नंतर तीन महिने पूर्ण ८ लाख हलवायचे नाहीत, उरलेल्या वर्षात शिल्लक ४ लाखांच्या खाली जाऊ द्यायची नाही. म्हणजे अर्धी पुंजी कायमची अडकली. दुखण्याखुपण्याला ठेवलेला पैसा दुखण्यातच काढता येईना.

या माणसांनी थायलंड निवडला तो हिशेबाने निवडला होता. २००५ च्या सुमाराला एका पौंडाचे ७० हून जास्त बाथ येत. २०१९ मध्ये ते चाळिशीच्या आसपास, कधी त्याहूनही खाली आले. लंडनहून येणारे पेन्शन तेवढेच, इथे हातात पडणारी रक्कम जवळजवळ अर्धी. शिवाय ज्या देशांशी ब्रिटनचा तसा करार नाही तिथे राहणाऱ्यांचे सरकारी पेन्शन दरवर्षी वाढत नाही, होते त्याच आकड्यावर गोठते. थायलंड अशा देशांपैकी एक. अमेरिकन म्हाताऱ्यांचे मेडिकेअर देशाबाहेर चालत नाही. यांतली एकही गोष्ट बँकॉकने केलेली नाही. पण शिव्या बँकॉकलाच बसतात, कारण खिडकी तिथली असते.

विम्याचे तसे नाही. ३१ ऑक्टोबर २०१९ पासून 'ओ-ए' वर्गाच्या व्हिसावर राहणाऱ्या निवृत्तांना आरोग्य विमा सक्तीचा झाला. परदेशी रुग्ण सरकारी रुग्णालयांत बिले बुडवून जात, ही थाई बाजूची तक्रार खोटी नव्हती. पण सत्तरी-पंच्याहत्तरीच्या माणसाला, त्यातून हृदयविकार किंवा मधुमेह असेल तर, विमा कंपनी दारात उभे करत नाही, केलेच तर हप्ता पेन्शन खाऊन टाकतो. ज्या वयाच्या लोकांना देशाने जाहिराती करून बोलावले, नेमक्या त्याच वयाला ही अट पुरी करणे अशक्य झाले. मग कोणी व्हिसाचा वर्ग बदलून घेतला, कोणी बाडबिस्तारा गुंडाळला.

आणि २०२४ पासून कर. पूर्वी परदेशातले उत्पन्न कमावलेल्या वर्षीच थायलंडमध्ये आणले तरच त्यावर कर लागे. पैसा एक वर्ष बाहेर ठेवून मग आणला की प्रश्न मिटला. सप्टेंबर २०२३ च्या आदेशाने महसूल खात्याने ही वाट बंद केली. आता वर्षात १८० दिवस वा अधिक राहणाऱ्याने १ जानेवारी २०२४ नंतर मिळवलेले उत्पन्न कधीही आणले तरी ते करपात्र धरले जाते. तत्त्व म्हणून यात गैर काही नाही. जिथे राहता तिथे कर भरा, हे पाश्चात्त्य देशही सांगतात. प्रश्न एवढाच, की करखात्याच्या लेखी जो रहिवासी झाला तो इमिग्रेशन खात्याच्या लेखी पाहुणाच राहिला. कर पहिल्या रकान्यातून, हक्क दुसऱ्यातून.

दुहेरी दराची तक्रार सर्वांत जुनी आणि सर्वांत बोलकी. खाओ याय हे थायलंडचे पहिले राष्ट्रीय उद्यान; तिथे थाई माणसाला ४० बाथ, परदेशी माणसाला ४००. सिमिलान बेटांवर १०० आणि ५००. बँकॉकच्या राजवाड्यात थाई लोक फुकट, परदेशी माणूस ५०० बाथला. पाटीवर परदेशी दर इंग्रजी आकड्यांत आणि थाई दर पुष्कळदा थाई आकड्यांत लिहिलेला असतो, म्हणजे ज्याला कळू नये त्याला कळत नाही. थाई वाहन परवाना किंवा परदेशी रहिवाशांना मिळणारे गुलाबी ओळखपत्र दाखवले तर कधी थाई दर लागतो, कधी नाही. फाटकावर कोण बसले आहे त्यावर अवलंबून.

मराठी वाचकाने इथे थोडे जपून मत बनवावे. अजिंठा, वेरूळ आणि घारापुरीला पुरातत्त्व खाते भारतीयाकडून ४० रुपये घेते आणि परदेशी पर्यटकाकडून ६००, म्हणजे पंधरा पट. गंमत अशी, की सार्क आणि बिमस्टेक देशांच्या नागरिकांना आपण भारतीय दरच लावतो, आणि थायलंड बिमस्टेकचा सदस्य आहे. त्यामुळे थाई पर्यटक ४० रुपयांत अजिंठा बघतो. त्याच्या देशात खाओ यायच्या फाटकावर उभ्या राहिलेल्या नाशिककराला मात्र गोऱ्यांच्याच रांगेत ४०० बाथ पडतात.

उद्यानाच्या तिकिटावरून चिडणे मला क्षुद्र वाटते. ज्याचे घर महिना ६५,००० बाथवर चालते त्याने किमान मजुरीवर जगणाऱ्याशी तिकिटाची बरोबरी करू नये. रुग्णालयाची गोष्ट निराळी. २०१९ मध्ये आरोग्य मंत्रालयाने सरकारी रुग्णालयांचे दर रुग्णाच्या राष्ट्रीयत्वावरून आणि व्हिसावरून पायऱ्यापायऱ्यांनी ठरवले. तळाला थाई नागरिक, मग शेजारी देशांचे लोक, मग कामाचा परवाना असलेले परदेशी, आणि सर्वांत वरच्या दराच्या पायरीवर पर्यटक व निवृत्त एकत्र. चार दिवस फुकेतला आलेला आणि वीस वर्षे राहिलेला, दोघे एकाच पायरीवर. एका डच रहिवाशाने याविरुद्ध प्रशासकीय न्यायालयात दाद मागितली. न्यायालयाने ती फेटाळली.

जमिनीचा कायदा याच विचाराचा, फक्त जुना. १९५४ च्या भूमी कायद्याप्रमाणे परदेशी माणसाला जमीन घेता येत नाही. फ्लॅट घेता येतो, पण इमारतीच्या एकूण क्षेत्रफळाच्या ४९ टक्क्यांपर्यंतच परदेशी मालकी. जमीन हवी तर ३० वर्षांचा भाडेपट्टा. थाई बायकोच्या नावावर जमीन घेताना नवऱ्याने भूमी कार्यालयात लिहून द्यायचे, की हा पैसा तिचा स्वतःचा आहे, माझा त्यावर हक्क नाही. मग संसार मोडला की जमीन आणि उभे घर दोन्ही तिच्याकडे. अशा कहाण्या इसानमध्ये गावोगाव ऐकू येतात. त्यावर कायदेशीर तोड आहे. जमीन बायकोची, पण त्या जमिनीच्या आजीव उपभोगाचा हक्क नवऱ्याच्या नावे भूमी कार्यालयात नोंदवायचा. प्रेमात असताना वकील गाठणारे थोडे, म्हणून हा हक्क नोंदवणारेही थोडे.

या बंदीच्या मागची थाई भीती मला रास्त वाटते. फुकेत आणि सामुईत नामधारी थाई भागीदार उभे करून परदेशी पैशाने किती किनारा घेतला गेला, याच्या चौकशा अधूनमधून निघतच असतात. गोव्यात २००० नंतरच्या दशकात परदेशी लोकांच्या जमीनखरेदीवरून जो गदारोळ झाला तो आठवला तर ही भीती समजायला अवघड नाही. फक्त कायद्याच्या कचाट्यात तो मोठा खरेदीदार सापडत नाही. सापडतो तो पेन्शनीतून खेड्यात दोन खोल्या बांधणारा.

सासरच्या खर्चाचे गाऱ्हाणेही याच खेड्यांतले. लग्नात मुलीच्या आईवडिलांना 'सिन सोत' म्हणून रक्कम द्यावी लागली, नंतर दरमहा पैसे, मग मेव्हण्याची मोटारसायकल, मग छपराची दुरुस्ती. 'मी म्हणजे चालते-बोलते एटीएम' हा तिथला पेटंट विनोद आहे. इथे माझी सहानुभूती आटते. थायलंडमध्ये सरकारी वृद्धापकाळ भत्ता वयाप्रमाणे महिना ६०० ते १,००० बाथ मिळत आला आहे. त्यात म्हाताऱ्यांचे भागत नाही. तिथे मुलेच पेन्शन असतात, आणि मुलीने घरी पैसे पाठवणे हे तिचे कर्तव्य मानले जाते. हे मराठी माणसाला समजावून सांगावे लागत नाही. म्हाताऱ्या आईवडिलांना सरकारने सांभाळावे अशा देशातून आलेल्याला ते लुबाडणे वाटते.

आता जिवावरच्या गोष्टी. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१८ च्या अहवालात थायलंडमधल्या रस्तेबळींचे प्रमाण लाखामागे ३२.७ असे दिले होते, जगातल्या सर्वांत वाईट आकड्यांपैकी एक, आणि मृतांत सुमारे तीन चतुर्थांश दुचाकी-तिचाकीवरचे. नंतरच्या अहवालात आकडा उतरला, तरी तो पंचविशीतच आहे. विरुद्ध दिशेने येणाऱ्या मोटारसायकली, पदपथावरून जाणाऱ्या मोटारसायकली, झेब्रा पट्ट्यांपाशी न थांबणारी वाहने, हे परदेशी लोकांचे रोजचे रडगाणे. ते रडगाणे नव्हे हे जानेवारी २०२२ मध्ये सगळ्या देशाला कळले. बँकॉकमध्ये झेब्रा पट्ट्यांवरून रस्ता ओलांडणाऱ्या तरुण नेत्रतज्ज्ञ डॉक्टरला मोटारसायकलने उडवले, त्यात ती गेली, आणि मोटारसायकल चालवणारा पोलीस निघाला. त्यानंतर पट्ट्या लाल रंगवल्या गेल्या. वाहने थांबू लागली असे मात्र तिथे चालणारे लोक सांगत नाहीत.

उत्तरेत दुसरा मृत्यू आहे, हळूहळू येणारा. फेब्रुवारी ते एप्रिल चियांग मायचे खोरे धुराने भरून जाते. मक्याची धाटे जाळली जातात, डोंगरावरची जंगले पेटतात, म्यानमार आणि लाओसमधला धूर वाऱ्याबरोबर येतो, आणि चहूबाजूंच्या डोंगरांमुळे खोऱ्यातली हवा हलत नाही. मध्य आणि ईशान्य भागात त्यात उसाच्या फडांची भर. तोडणी सोपी व्हावी म्हणून उभा ऊस पेटवायचा, हे कोल्हापूर-सांगलीकडेही पाहायला मिळते. मार्च २०२३ मध्ये चियांग माय जगातल्या सर्वांत प्रदूषित शहरांच्या यादीत पहिल्या नंबरावर जाऊन बसले होते. जानेवारी २०२४ मध्ये तिथल्या प्रशासकीय न्यायालयाने सरकारला ९० दिवसांत तातडीची योजना आखायला सांगितले. ज्यांना परवडते ते परदेशी रहिवासी हे तीन महिने दक्षिणेला निघून जातात. थाई शेजारी कुठे जाणार? गाऱ्हाण्यांच्या या यादीत धूर हे एकच गाऱ्हाणे असे आहे की ते परदेशी माणसापेक्षा थाई माणसाने अधिक मोठ्याने मांडावे, आणि त्या खटल्यात तो मांडतही होता.

बाकीचे भराभर. पहाटे गावच्या ध्वनिक्षेपकावरून सुरू होणाऱ्या सूचना, लग्नाइतक्याच मोठ्या आवाजात पार पडणारे अंत्यविधी, सोईत, म्हणजे गल्लीत, मोटारसायकलच्या मागे लागणारी कुत्री, डोक्यावर वायरींची जंजाळे. दुपारी २ ते ५ दारूविक्री बंद, हा १९७२ च्या लष्करी फर्मानाचा वारसा. अलीकडे तो सैल होऊ लागला आहे. थाई भाषेचे पाच सूर, ज्यांत चुकले की दुकानदार हसून मान हलवतो आणि भलतीच वस्तू देतो. चीज महाग. या यादीतल्या निम्म्या गोष्टी पुण्या-मुंबईच्या माणसाला तक्रार म्हणून सुचणारही नाहीत.

तक्रार बोलून दाखवणे ही मात्र वेगळी अडचण आहे. चारचौघांत आवाज चढवला की थाई माणूस हसतो, गप्प होतो आणि काम तिथेच थांबते, कारण दोघांचीही अब्रू गेलेली असते. लिहून दाखवले तर कायदा आहे. थायलंडमध्ये बदनामी हा फौजदारी गुन्हा आहे आणि प्रसिद्ध मजकुराला दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. २०२० मध्ये को चांग बेटावरच्या एका हॉटेलाबद्दल इंटरनेटवर वाईट अभिप्राय लिहिणाऱ्या अमेरिकन रहिवाशाला अटक झाली, दोन रात्री कोठडीत काढाव्या लागल्या, शेवटी माफीवर प्रकरण मिटले. थाई नागरिकांसाठी गाऱ्हाणी मांडायच्या जागा वाढल्या आहेत. २०२२ मध्ये निवडून आलेले बँकॉकचे राज्यपाल चॅडचार्ट सिट्टिपुंट यांनी 'ट्रॅफी फॉन्ड्यू' या तक्रार प्रणालीवर खड्डे, दिवे, तुंबलेली गटारे यांची दखल घ्यायला सुरुवात केली आणि तक्रारींचा पूर आला. परदेशी माणूस तिथे खड्ड्याचा फोटो टाकू शकतो, इमिग्रेशनचा नाही. त्याने नियमाबद्दल ब्र काढला की उत्तर ठरलेले असते: आवडत नसेल तर परत जा.

यापुढे जाऊन गोऱ्यांची कीव करावी असे मात्र नाही. म्यानमार, लाओस, कंबोडियाचे लाखो मजूर याच देशात बांधकामांवर, मासेमारी बोटींवर, कोळंबीच्या कारखान्यांत राबतात. त्यांच्या परवान्यांच्या मुदती, दलाल आणि दंड यांच्यापुढे टीएम ४७ म्हणजे खेळ आहे. शाळांतही इंग्रजी शिकवणाऱ्या फिलिपिनो शिक्षिकेला गोऱ्या शिक्षकापेक्षा कमी पगार मिळतो, ती त्याच्याहून चांगली शिकवत असली तरी. आणि वांद्रे-कुर्ला संकुलात अमेरिकन वकिलातीबाहेर फाइल छातीशी धरून उभ्या राहिलेल्या कुणालाही वाटेल, की गोऱ्या माणसाला खिडकीपलीकडच्या साहेबाची मर्जी सांभाळायला लागणे हा अनुभव जरा उशिरानेच मिळाला. वाटले तर चूक नाही. पण त्यामुळे नियम शहाणा ठरत नाही.

थाई सरकारला यावर उपाय सुचत नाही असेही नाही. सप्टेंबर २०२२ मध्ये आलेल्या दहा वर्षांच्या दीर्घ मुदतीच्या व्हिसावर पत्ता वर्षातून एकदाच कळवावा लागतो आणि परदेशी उत्पन्नावर करसवलतही आहे. त्यासाठी श्रीमंत निवृत्त माणसाचे उत्पन्न साधारणपणे वर्षाला ८०,००० डॉलर हवे. म्हणजे नव्वद दिवसांच्या नोंदीवाचून देशाचे काही अडत नाही हे सरकारला मान्य आहे, फक्त ते मान्य करायची किंमत मोठी आहे. कायम वास्तव्याचा परवानाही आहे. तो एका राष्ट्रीयत्वाच्या जास्तीत जास्त १०० जणांना वर्षाला मिळतो, थाई भाषेत मुलाखत द्यावी लागते, मंजूर झाल्यावर फी १,९१,४०० बाथ, आणि निवृत्तांसाठी त्यात वेगळा प्रवर्ग नाही. ब्रिटनचे शंभर, नाउरूचेही शंभर, भारताचेही शंभर.

हा शेवटचा आकडा आपल्या कामाचा आहे. निवृत्तांचा व्हिसा पन्नाशी ओलांडलेल्या भारतीयालाही मिळतो, आणि पुण्या-ठाण्यातला एखादा फ्लॅट विकला तर ८ लाख बाथ जमवणे अनेकांना जड नाही. चाललाच असाल तर इथले घर विकू नका, भाड्याने द्या. आरोग्य विमा साठीच्या आत उतरवा. तिथे जमीन कुणाच्याही नावावर घेऊ नका. आणि कायमचा निर्णय घेण्याआधी मार्चचा पूर्ण महिना चियांग मायला भाड्याच्या खोलीत काढा.